राखणदाराची बाटली

रामनगरात गोव्याच्या रस्त्याला लागून एक जुनी भाताची गिरणी होती. आता तिथं फरशीचं गोदाम आहे. बेळगावहून येताना बस तिथं थोडी हळू होते, कारण पुढं ट्रक वळत असतात, आणि मला ती इमारत नीट बघायला मिळते. पुढच्या पत्र्याखाली फरशीची खोकी रचलेली असतात. त्याच पत्र्याखाली सकाळी सात वाजता आमची माणसं ओळीनं बसून पेज प्यायची, आणि नव्या माणसाची निम्मी पेज लुंगीवर सांडायची, कारण वाटी तोंडापर्यंत जाईतो हात थरथरायचे.

तिथं आमचं व्यसनमुक्ती केंद्र होतं. पंधरा खाटा, आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर, एक नर्स, एक स्वयंपाकीण आणि आम्ही दोघं थेरपिस्ट. पाटीवर तो शब्द मोठ्या अक्षरांत होता, पण कुणी वापरला नाही. मला सगळे बाई म्हणायचे, माझ्या वरिष्ठांना सर. सर धारवाडकडचे. मराठी नेटकं बोलायचे आणि रागावले की कन्नडात जायचे. आमच्याकडं तेही सगळ्यांना कळतं, त्यामुळं त्याचा फायदा काही होत नव्हता.

लोकांना वाटायचं, केंद्रात डॉक्टर सुई देतात आणि दारू सुटते. डॉक्टरांचं काम आठ-दहा दिवसांचं. अंगातली दारू उतरवायची, झोप आणायची, झटके येऊ द्यायचे नाहीत. ते झालं की माणूस शुद्धीवर येतो आणि त्याच्यापुढं सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंतचा रिकामा दिवस उभा राहतो. तो दिवस कसा काढायचा, हे शिकवणं आमचं काम. अंथरूण घडी करणं, वेळेवर जेवणं, हाताला काम लावणं, घरच्यांशी न ओरडता दहा मिनिटं बोलणं. ऐकायला सोपं वाटतं. पंधरा वर्षं ज्यानं सकाळ पाहिलीच नाही, त्याला विचारा.

या लिखाणात मी कुणाचं नाव घालणार नाही. आमच्या कामात ती शिस्त आहे. शिवाय आमच्या मुलखात नाव लिहिलं की गाव कळतं, आणि गाव कळलं की घर.

ज्याच्याविषयी लिहिते आहे तो डोंगरातला माणूस. गणेशगुडीच्या पुढं बस जिथं सोडते, तिथून दीड तास पायवाट. भातशेती, परड्यात कंदमुळं, उरलेल्या दिवसांत जंगलखात्याचं मजुरीचं काम. वय चाळिशीचं. मार्गशीर्षात, भात झोडून झाल्यावर, त्याची बायको त्याला घेऊन आली. काम संपेपर्यंत तिनं वाट बघितली होती, हे मला त्याच दिवशी आवडलं. ती म्हणाली, "भात आत घेतलंय. आता ह्याला बघा."

त्याचे हात सगळ्यांत वाईट होते. दहाव्या दिवशीही शर्टाची बटणं त्याला लावता येत नव्हती. आम्ही हाताच्या कामासाठी मेणबत्त्यांचे साचे ठेवले होते, बेळगावच्या कुठल्याशा प्रशिक्षणात बघून आणलेले. त्यानं साचा उलटासुलटा करून बघितला आणि खाली ठेवला.

"बाई, आमच्या गावात वीज गेली की लोक झोपत्यात," तो म्हणाला. "मेणबत्त्या कोण घेणार?"

मी विचारलं, मग हाताला काय येतं? सूप येतं, म्हणाला. बापानं शिकवलेलं. पुढच्या बाजाराला बायकोनं परड्यातला बांबू मोळी बांधून आणला. पण बांबू चिरायला कोयता लागतो, आणि धारदार वस्तू आत न्यायची नाही हा नियम आमच्या दारावर लाल रंगात लिहिलेला होता. सर कन्नडात गेले. मी त्यांना बोलू दिलं आणि मग सांगितलं की कोयता माझ्या टेबलाच्या खणात कुलपात राहील, दहाला मी काढीन, बाराला परत ठेवीन, आणि मधले दोन तास त्याच्यासमोरून उठणार नाही. ते दोन तास मी फुकट घालवले नाहीत. केंद्राची तूर निवडली, उशांचे अभ्रे शिवले. शिवणकाम माझं जुनं. या कामात येण्याआधी खानापुरात मी मुलींना शिवण शिकवत होते.

पहिलं सूप असं वाकडं झालं, की त्यातून तांदूळ पाखडले असते तर शेजारणीच्या दारात पडले असते. सगळ्यांनी ते हातोहात फिरवलं. एक ट्रकचालक पेशंट होता, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "हे सूप न्हाई, हे विमान हाय." त्यावर डोंगरातला माणूसही हसला. तिसऱ्या सुपाला कड सरळ आली. पाचव्या सुपाच्या वेळी मी बघितलं, तो बोलत होता आणि हात आपले आपण चालत होते. त्या दिवशी त्यानं शर्टाची बटणं लावली होती, आणि ते त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. मी काही म्हटलं नाही. असल्या गोष्टी दाखवून दिल्या की माणूस परत बटणाकडं बघायला लागतो.

सरांची एक पद्धत होती, तिला ते धोक्याचा नकाशा म्हणायचे. घरी जायच्या आधी प्रत्येकानं जुन्या कॅलेंडरच्या मागं आमच्या फाटकापासून आपल्या अंथरुणापर्यंतचा रस्ता काढायचा. जिथं जिथं दारू मिळते तिथं लाल फुली. प्रत्येक फुलीसमोर, तिथून कसं जायचं ते लिहायचं. ट्रकचालकाचा नकाशा इतका लाल झाला की सरांनी विचारलं, अहो, यात रस्ता कुठला? ज्यांना लिहिता येत नसे त्यांचं मी लिहायची. डोंगरातल्या माणसाच्या सात फुल्या झाल्या. स्टँडजवळचे दोन बार, गणेशगुडीच्या थांब्यावर सोड्याच्या आडून दारूचं पाकीट देणारा, चुलत भावाचा गोठा, लग्नघर, मजुरी मिळायचा शनिवार, आणि कुळगीच्या बाजूला लाकडाचं काम असेल तेव्हा तिथल्या माणसांची बैठक. थांब्यावर बायको न्यायला येईल. शनिवारी तो पोरीला सोबत नेईल. लग्नाला जेवणाच्या वेळीच जायचं, आधी नाही, नंतर थांबायचं नाही. एकेक फुली आम्ही उलगडली. माघात तो घरी गेला. नकाशा त्यानं दाराच्या मागं खळीनं चिकटवला, असं बायकोनं फोनवर सांगितलं. त्यांच्या घरात रेंज नाही. टेकाडावरच्या जांभळीखाली उभं राहिलं तर येते. दर रविवारी ती तिथून फोन करायची. ठीक हाय, म्हणायची, आणि ठेवायची.

दहा रविवार ठीक गेले. अकराव्याला फोन आला नाही. मग मधल्याच एका दिवशी आला.

"बाई, नऊ दिवस झालं पितोय," ती म्हणाली. "घिऊन येते."

घेऊन आली. डॉक्टरांचे आठ दिवस परत. त्यानंतर सरांनी त्याला बोलावलं, मीही बसले. नकाशा बायकोनं दारावरून सोडवून आणला होता, मागं खळीचे पापुद्रे होते. सरांनी तो टेबलावर पसरला आणि शांतपणे विचारलं, "कुठल्या फुलीवर अडकलात?"

"कुठल्याच न्हाई."

"मग प्यायलात कुठं?"

त्यानं नकाशाची दुमडलेली कड बोटानं सरळ केली. मग म्हणाला, "पहिल्या दिवशी मी दारू प्यालो न्हाई, सर. त्यो राखणदाराचा मान हुता. दुसऱ्या दिवशी पाकीट घेतलं, ती दारू."

सरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं नव्हतं. मला कळलं.

आमच्याकडं गावाच्या शिवेवर राखणदार असतो. दिसत नाही. एखाद्या झाडाखालचा दगड हेच त्याचं ठिकाण. रात्री तो शिवेवरून फिरतो, जनावर आत येऊ देत नाही, चुकलेल्या माणसाला वाटेला लावतो, अशी समजूत. वर्षातून एकदा, चैत्रात काजूची नवी दारू उतरली की त्याला द्यायचं असतं. नाचणीचा रोट, पेटवलेली विडी आणि दारू. दारू देण्याचा मान एका घराचा. त्या घरातला कर्ता टोपणभर दगडावर ओततो, आणि बाटलीत उरलेलं तो प्रसाद. पहिला घोट ओतणाऱ्याचा, मग जमलेल्या म्हाताऱ्यांचा. देवाला टोपणभर आणि माणसांना बाटलीभर, हा हिशोब कुणी काढत नाही. त्या गावात तो मान ह्याच्या घराकडं होता, चार पिढ्यांपासून.

माझ्या माहेरी खानापुराकडंही असंच आहे. लहानपणी रोटाचं ताट घेऊन मी ओहोळापर्यंत गेलेली. त्याच्या पुढं बायकांनी जायचं नाही. ती बाटली आमच्या घरात देवाच्या फळीवर असायची, समईच्या तेलाशेजारी. माझे वडील दारूला शिवत नसत आणि दर चैत्रात तो घोट घेत असत, आणि या दोन गोष्टी एकमेकींना लागून आहेत असं मला पस्तीस-चाळीस वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. म्हणून माझ्या हातानं त्याच्या सात फुल्या लिहिताना आठवी मला सुचली नाही. सर बाहेरचे, त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. मला माहीत होतं. ती चूक माझी. त्याच मुलखातल्या बाईनंच करावी अशी.

मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी लाल पेन उचललं, नकाशात शिवेवरची जागा त्याला विचारली आणि फुली मारली. मग पेन ठेवून म्हणाले, "मान सोडून द्या. भावाकडं जाऊ दे."

तो उठून बाहेर गेला. पाणी प्यायला जातो तसा, रागावून नाही. पण त्या दिवशी कोयता मागायला आला नाही.

दुपारी बायको माझ्याजवळ येऊन बसली. अळूच्या पानात बांधलेली उकडलेली कणगं, परड्यातली कंदमुळं, तिनं आणली होती, ती मला दिली, आणि तिचं म्हणणं सांगितलं. आवाज चढवला नाही.

"मान घरात ऱ्हाऊ दे, बाई. माझ्या पोरीला त्या घरची लेक म्हणून गाव वळखतं. पण आणखी एकदा असं झालं की मी तिला घिऊन खानापुरास भावाकडं जाणार. भांडून न्हाई जायची. सांगून जाणार. त्याला आजच सांगितलंय."

मुलगी तेव्हा नववीत होती. आणि ही बाई बोलून न करणाऱ्यांतली नव्हती, भात आत घेऊन मगच नवरा आणणारी होती. म्हणजे आमच्याकडं पुढच्या चैत्रापर्यंतचा वेळ होता. त्या दिवशी तो घोट गेला तर दुसऱ्या दिवशी पाकीट, आणि तिसऱ्या दिवशी घर रिकामं.

मी एक युक्ती काढली. बाटलीत पाणी भरून न्यावं. त्याला सांगितली तर तो आल्यापासून पहिल्यांदा मोकळा हसला. "राखणदाराला पाणी? बाई, त्यो बिबट्या आवरतो." ते तिथंच संपलं. दुसऱ्याच्या देवाला फसवायला शिकवणं हे आमच्या अभ्यासक्रमात नाही, आणि मलाही ते बरं वाटलं नसतं.

वर्ष गेलं. या वर्षाबद्दल सांगण्यासारखं फार नाही, आणि तेच त्यातलं चांगलं. रोपणी झाली, कापणी झाली. महिन्याच्या एका बाजाराला तो सुपं विकायला रामनगरात यायचा आणि आमच्याकडं अर्धा तास बसायचा. मी विचारायची, झोप? जेवण? राग? तो सांगायचा. एखाद्या महिन्यात म्हणायचा, "ह्या शनिवारी लई वाटलं." मग त्या शनिवारचं आम्ही तासातासानं बोलायचो. आता बेळगावच्या दवाखान्यात माझ्याकडं त्यासाठी छापील फॉर्म आहे, त्यात एक ते दहा आकडे आहेत आणि माणूस 'सहा' असं सांगतो. तेव्हा तो सांगायचा, गोठ्याच्या वासानं वाटलं, म्हशीला पाणी पाजलं, मग गेलं. मला ते जास्त कळायचं.

चैत्राच्या तोंडावर मी त्याला आठ दिवस केंद्रात बोलावून घेतलं. आमच्या कामात तालीम करतात. जो प्रसंग उद्या यायचा तो आज खोटा उभा करायचा, म्हणजे उद्या तो नवा राहत नाही. मागच्या अंगणात मी दगड म्हणून एक वीट मांडली. बाटली पाण्याची. आणि त्याचा चुलता झाले मी, कारण गेल्या चैत्रात बाटली त्याच्या हातात कोंबणारा तोच होता. पंचा डोक्याला गुंडाळून बसले. खाटांवरची सगळी माणसं बघायला जमली.

"चुलत्याला मिशी न्हाई," कुणीतरी म्हणालं.

"आवाज तर हाय," दुसरा म्हणाला. "मिशी कशाला?"

मी त्यांना गप्प केलं आणि चुलता होऊन त्याला म्हटलं, "घे. तुझ्या बापानं कवा न्हाई म्हटलं न्हाई. बायकोला भितोस काय?" यावर त्यानं म्हणायचं वाक्य मी त्याला दिलं होतं: माझ्या पोटात बिघाड आहे, डॉक्टरांनी बंद केलंय, मान ओतण्याचा आहे तो मी केला, आता तुम्ही घ्या. वाक्य चांगलं होतं. त्याच्या तोंडातून कधीच नीट आलं नाही. 'पोटात बिघाड' म्हणताना तो अडखळायचा, कारण त्याच्या पोटात बिघाड नव्हता आणि चुलत्याला ते माहीत होतं. रोज सकाळी चार वेळा, संध्याकाळी चार वेळा. टोपणभर विटेवर ओतायचं, वळायचं, मी टोमणा मारायची, तो अडखळायचा.

त्या उन्हाळ्यात आमची विहीर तळाला गेली होती. मागच्या अंगणात स्वयंपाकिणीनं मिरची लावली होती, तिला दिवसाआड एक कळशी मिळायची. म्हणून वीट मी वाफ्याच्या तोंडाशीच ठेवली होती, आणि तालीम झाली की बाटलीतलं उरलेलं पाणी तिथंच ओतायला लावायची. तो घाईनं ओतून निघायचा, तळाला पाणी राहायचं. मी ओरडायची. "सगळं ओता. थेंब उरवू नका. उलटी करा, झटका." मग तो बाटली उलटी करून तीनदा झटकायचा. आठ दिवस, रोज आठ वेळा. मिरच्या त्या वर्षी बऱ्या आल्या.

त्याच्या गावी मी जाणार म्हटल्यावर सर म्हणाले, जाऊ नका. "जन्मभर त्याच्यासोबत जाणार आहात काय?" मुद्दा बरोबर होता. मी म्हटलं, जन्मभर नाही, एकदा. आणि जाऊन करणार काय, तिथंही बायकांना ओहोळापर्यंतच मुभा, अलीकडंच तर उभी राहणार.

सकाळच्या बसनं गेले, थांब्यावर त्याची बायको न्यायला आली होती. एव्हाना मी तिला वहिनी म्हणत होते. दीड तास आम्ही चाललो, ती पुढं, मी मागं. पोरीच्या शाळेचं बोललो, म्हशीचं बोललो. घरी पोचले तेव्हा तो अंगणात बसून हातातल्या बाटलीवरची धूळ पुसत होता. गोव्याहून आलेली काजूची, भरलेली. मला म्हणाला, "आलासा, बाई? पाणी घ्या." मुलगी रोट भाजत होती. दाराच्या मागं नकाशा परत चिकटवलेला होता, आठ फुल्यांसह.

ऊन चढायच्या आत ते निघाले. म्हातारे पाच-सहा, पुढं चुलता, ह्याच्या काखेत बाटली. आम्ही दोघी रोटाचं ताट घेऊन मागून, ओहोळापर्यंत. तिथं ताट एका म्हाताऱ्यानं घेतलं. ओहोळ कोरडा होता, पन्नास पावलांवर किंदळीचं झाड, त्याखाली शेंदूर लावलेला दगड. दिसत सगळं होतं, ऐकू येत काही नव्हतं.

वहिनीनं एक पान तोडलं आणि त्याचे शिरेशिरेनं तुकडे करायला लागली.

रोट ठेवला. विड्या पेटवून दगडाजवळ खोचल्या. सगळे खाली बसले. तो उभा राहिला आणि बाटलीचं बूच काढलं. चुलत्यानं टोपण पुढं केलं. त्यानं ते घेतलं, भरलं, दगडावर ओतलं. इथपर्यंत तालमीसारखं. आता वळायचं होतं, चुलत्यानं बोलायचं होतं, त्यानं अडखळायचं होतं. मी मनातल्या मनात ते वाक्य म्हणत होते, त्याला ऐकू जाणार असल्यासारखी.

तो वळला नाही. त्यानं टोपण खाली टाकलं आणि बाटली तिरपी केली. तिरपीच ठेवली. दारू दगडावरून खाली यायला लागली, शेंदूर ओला होऊन चकाकायला लागला. एका म्हाताऱ्यानं हात वर केला. तोवर बाटली सरळ उलटी झाली होती. मग त्यानं ती तीनदा झटकली.

ते झटकणं मला ओळखीचं होतं.

वहिनीच्या हातातलं पान संपलं होतं. ती म्हणाली, "सगळी वतली की वो." मी हो म्हटलं.

तिकडं काय बोलणं झालं ते नंतर कळलं, सगळ्यांकडून आणि थोडं वेगवेगळं. चुलता म्हणाला, आरं, आमाला? त्यावर हा म्हणाला, "आज त्याला तहान लई हुती." मग कुणीतरी म्हणालं, आज बिबट्याचं काय खरं न्हाई. आणि एकेक म्हातारा हसायला लागला. चुलता हसला नाही. त्याला गावचे सगळे रिवाज तोंडपाठ, तो परत येताना वाटभर एकेक रिवाज आठवून बघत होता. ओतायची ह्याच्या घरानं, ते झालं. उरलं तर प्रसाद. उरलं नाही. दोष कुठं काढायचा, ते त्याला सापडेना. घरी आल्यावर त्यानं फक्त कोरा चहा घेतला आणि माझ्याकडं बघून वहिनीला विचारलं, ही मास्तरीण कोण? त्यानंतर दोन दिवस तो पुतण्याशी बोलला नाही, असं कळलं.

जेवून निघताना मी त्याला विचारलं, ते वाक्य कुठं गेलं? आठ दिवस घसा कोरडा केला मी.

"कुठलं वाक्य?" तो म्हणाला. खरंच आठवत नव्हतं त्याला. मग थोडं हसून म्हणाला, "हात थांबलाच न्हाई, बाई. वाटलं, थेंब उरवला तर तुम्ही मागनं वरडणार."

परतीच्या वाटेवर वहिनीनं मला थांब्यापर्यंत सोडलं. खानापूरचं नाव तिनं काढलं नाही, मीही नाही. बस येताना दिसली तेव्हा म्हणाली, पुढल्या बाजाराला कणगं पाठवते.

केंद्रात येऊन मी सरांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "म्हणजे आपण शिकवलेलं उपयोगी पडलं नाही?" मी म्हटलं, आपण शिकवलेलं नाही, स्वयंपाकिणीच्या मिरच्यांनी शिकवलेलं उपयोगी पडलं. सरांना ते फार आवडलं. त्यानंतर प्रत्येक तालमीत ते म्हणायचे, वाक्य राहू दे, हात काय करणार ते आधी ठरवा. मीही तेच करते, अजून. बेळगावात नव्या मुली शिकायला येतात, त्यांना वाक्यं फार सुंदर लिहिता येतात. मी त्यांना विचारते, आणि हात?

गिरणीच्या मालकानं जागा विकली तेव्हा केंद्र बंद झालं. भांडण नाही, तंटा नाही, जागा मिळाली नाही एवढंच. खाटा एका आश्रमाला गेल्या, मेणबत्त्यांचे साचे तसेच नवे कोरे निघाले. सर धारवाडला गेले, आता निवृत्त आहेत. मला बेळगावात लगेच काम मिळालं. इथं खोल्या थंड आहेत, खुर्च्या एका रंगाच्या, आणि धारदार वस्तूंचा नियम कुणी मोडत नाही. काम चांगलं चालतं. तरी सकाळी दहा वाजता कधीकधी माझा हात टेबलाच्या खणाकडं जातो, कोयता काढायला.

त्यानं दिलेलं सूप माझ्या स्वयंपाकघरात आहे. एका कडेला मी सुतळीनं शिवून घेतलं आहे, पण तांदूळ अजून त्यातच पाखडते. माझ्या दारातच पडतात, शेजारणीच्या नाही.

दर चैत्रात वहिनीचा फोन येतो, टेकाडावरच्या जांभळीखालून. आता गावात टॉवर होणार म्हणतात, पण ती तिथूनच करते. एकच शब्द सांगते. "वतली." मी म्हणते, बरं. पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. या कामात माणूस बरा झाला असं मी कधी लिहीत नाही. यंदाही ओतली, एवढं लिहिते.

यंदा फोन आला तेव्हा मी तूर निवडत होते. तिनं तो शब्द सांगितला, आणि मी विचारलं, चुलता काय म्हणाला? चुलता आता ऐंशीच्या घरात आहे, काठी टेकत जातो, पण चुकवत नाही.

"काय म्हणणार?" ती म्हणाली. "दरसालचंच. पुढल्या वर्षी दोन बाटल्या आणा म्हणाला."

"मग?"

"ह्यानं सांगितलं, आणू की. त्याला दोन बी लागतील."